रुईवरची लाल झेंडी

माझ्या अंगणात कापूस नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सरकारी दप्तरी तो आहे, त्यावर अळी आहे, आणि अळीचा प्रादुर्भाव 'तीव्र' आहे. आमचं अंगण म्हणजे परतूर स्टेशनमागच्या कॉलनीत घराची पायरी आणि फाटक यांच्यामध्ये उरलेली जागा. तिच्यात एक स्कूटर, एक पाण्याची टाकी आणि एक रुईचं झाड मावतं. कापूस लावायचा तर स्कूटर विकावी लागेल. पण मी जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे की दप्तर आणि जमीन यांच्यात मतभेद झाला, तर चूक जमिनीची असते.

हे सगळं फुलपाखरांमुळे झालं.

निवृत्त झाल्यावर माझं ब्लडप्रेशर वाढलं. नोकरीत असताना ते बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचं वाढायचं, माझं कधी वाढलं नाही. आमची आकांक्षा पुण्याला असते. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, रोज थोडा वेळ एखाद्या सुंदर गोष्टीकडे नुसतं बघत बसत जा. आणि मग तिचं चित्र काढा. मन शांत होतं." माझी पत्नी दैवशाला समोरच मेथी निवडत बसली होती. फोन स्पीकरवर होता. तिने मान वर केली. मी अंगणाकडे बघितलं. ती चूक मला अजून भोवते आहे.

अंगणात बघण्यासारखं काही नव्हतं. टाकी भरून वाहायची, त्या ओलीवर एक रुई आपोआप उगवली होती आणि ती उपटायचं काम मी दिवाळीपासून पुढे ढकलत होतो. पण त्या सकाळी रुईवर एक फुलपाखरू बसलं होतं. नारिंगी, काळ्या कडेचं, कडेवर पांढरे ठिपके. ते पंख मिटायचं, उघडायचं, पुन्हा मिटायचं. घाई नाही, अर्ज नाही, हरकत नाही. मी चहा थंड होईपर्यंत बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. साठी उलटलेल्या माणसाला काही कारण नसताना आनंद झाला की तो आधी छातीत दुखतंय का ते तपासतो. मीही तपासलं. दुखत नव्हतं.

त्याच दिवशी मी महेमूदभाईंच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. आयुष्यभर त्यांनी मला पेन्सिली आणि ट्रेसिंग पेपर विकला आहे. रंगांची पेटी मागितल्यावर त्यांनी विचारलं, "नातू आला का मोजणीसाब?" मला गावात सगळे मोजणीसाहेब म्हणतात. रंग मलाच हवे आहेत म्हटल्यावर महेमूदभाईंनी पेटी पुसून दिली आणि म्हणाले, "बिलकुल बराबर. माणसानं खाली बसू न्हाई. आमचे मामू रिटायर होऊन खाली बसले, एका सालात गेले." एवढा दिलासा घेऊन मी घरी आलो.

पहिलं चित्र मला स्वतःला आवडलं होतं. दोन्ही पंख तंतोतंत सारखे, प्रत्येक ठिपका मापात. भुजंगराव शेजारी राहतात, धान्याच्या मोंढ्याजवळ त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. ते सकाळी पेपर मागायला आले, चित्राकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "कुणाचा गट हाय ह्यो? मधून नाला गेलेला दिसून राह्यला."

नाला म्हणजे फुलपाखराचं अंग.

"वाटणी चांगली केली बरं का साहेब," ते पुढे म्हणाले. "दोन्ही भावांना सारखं आलं."

मी चित्र नीट पाहिलं. सवयीने कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला गेला होता. खाली प्रमाणही लिहिलं होतं. बाण खोडून मी ते दैवशालाला दाखवलं. माझ्या संसारात स्तुतीचा सुकाळ कधीच नव्हता, पण निदान चांगलं आहे असं तरी ती म्हणेल ही अपेक्षा होती. तिने चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं आणि परत दिलं.

"पंखं हैत," ती म्हणाली, "पण उडत न्हाई."

लोकांनी मोजणीवर हरकती घेतल्या, अपिलं केली, एकदा तर हद्दीची खुंटी उपटून माझ्या अंगावर टाकली. पण इतकं मला कधी लागलं नाही. कारण ती खरं बोलत होती. मी आणखी चित्रं काढली, ती सगळी कागदाला चिकटून बसली. शेवटी माझ्या लक्षात आलं की मी फुलपाखराचा नकाशा काढतो आहे, कारण मला ते फक्त तयार झालेलं माहीत आहे. ते उडायला लागतं कसं हे मी पाहिलेलंच नाही. मग मी ठरवलं, कोषातून एक तरी फुलपाखरू बाहेर येताना डोळ्यांनी बघायचं आणि तेव्हाच त्याचं चित्र काढायचं. निवृत्त माणसाची एवढी इच्छा गावाने पुरवायला हरकत नव्हती.

थोड्याच दिवसांत रुईच्या पानांवर अळ्या दिसल्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, डोक्यावर शिंगं असलेल्या, खायला वखवखलेल्या. मी रोज सकाळी खुर्ची टाकून त्यांच्याशेजारी बसू लागलो. कॉलनीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे माणूस बैल पाळतो, शेळी पाळतो, फारच हौस असेल तर पोपट पाळतो. पण या कापसाच्या मुलखात, जिथे बोंडअळीचं नुसतं नाव काढलं तर भरल्या घरातलं हसणं थांबतं, तिथे एक माणूस अळी पाळतो म्हटल्यावर लोक फाटकातून वाकून बघू लागले. अळीकडे कमी, माझ्याकडे जास्त.

भुजंगराव तर हादरलेच. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे जीव आहेत: ज्यांच्यावर औषध निघालं आहे ते, आणि ज्यांच्यावर निघायचं आहे ते.

"साहेब, अळी लागली की तुमच्या झाडाला."

"लागली नाही. मी ठेवली आहे."

भुजंगरावांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. "ठेवली म्हंजे?"

"तिचं फुलपाखरू होणार आहे."

"ते झाल्यावर अंडी घालणार, मंग पुन्हा अळी. हे असंच वाढत जातंय साहेब." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मी बघतो."

परतूरमध्ये 'मी बघतो' म्हणून कुणी काही केलं नाही, हा नेहमीचा अनुभव. माझ्या नशिबाने भुजंगराव त्याला अपवाद निघाले. दुसऱ्या दिवशी ते कृषी सहायक हरिओम यांना घेऊन आले. हरिओमच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये कीड सर्वेक्षणाचं ॲप.

"पीक कोणतं?" हरिओमने विचारलं.

"पीक नाही. रुई आहे."

त्याने यादी वर-खाली केली. "रुई न्हाई यात. सोयाबीन, तूर, मका, ऊस, मोसंबी... सगळ्यात वर कापूस हाय. कापूस टाकतो."

"अहो, पण 'इतर' असं काही असेल ना?"

"हाय की. पण 'इतर' टाकलं तर ॲप पुढं जात न्हाई." त्याने रुईचा फोटो काढला, अळीचा काढला, पुरावा म्हणून अळीशेजारी उभा करून माझाही काढला. पेरणीची तारीख विचारली. मी म्हटलं, पेरलीच नाही, तर त्याने स्वतःच्या मनाने मृग नक्षत्रातली एक टाकली. "झाडं किती?" "एक." "नुकसानीत किती?" मी म्हटलं, "एक." हरिओमने हळहळून मान हलवली. "शंभर टक्के," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

संध्याकाळी माझ्या मोबाईलवर संदेश आला: शेतकरी बंधूंनो, आपल्या कापूस पिकावर अळीचा तीव्र प्रादुर्भाव आढळला असून त्वरित फवारणी करावी. मी दुरुस्तीसाठी हरिओमला फोन केला. तो सौजन्याने म्हणाला की नोंद एकदा वर गेली की खाली येत नाही, पण मी अर्ज करू शकतो, आणि सोबत जागेचा मोजणी नकाशा जोडावा. मोजणी नकाशासाठी मी माझ्याच जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने मला ओळखलं, चहा पाजला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. चहा चांगला होता.

मी तारीख घेऊन परत येईपर्यंत भुजंगरावांनी काम उरकलं होतं. सरकारचा संदेश हरिओमने त्यांनाही दाखवला होता. मग ते पाठीवर पंप घेऊन आले होते आणि दैवशाला पूजेला बसलेली असताना त्यांनी रुई धुऊन काढली होती. पूर्ण फुकट, शेजारधर्म म्हणून. मी आलो तेव्हा ते नोजल पुसत होते.

"मोकळी झाली बघा," ते समाधानाने म्हणाले. "एक राहू दिली न्हाई."

खरंच राहिली नव्हती. सगळ्या अळ्या खाली मातीत पडल्या होत्या. मला भुजंगरावांना काहीही बोलता आलं नाही, कारण त्या माणसाच्या चेहऱ्यावर उपकाराचा घाम होता. ते गेल्यावर मी पायरीवर बसलो. डोळे भरून आले. मोजणी खात्यातला माणूस अळीसाठी रडला असं कुणी सांगितलं तर मीही हसलो असतो. दैवशाला बाहेर आली, तिने माझ्याकडे बघितलं, मातीकडे बघितलं आणि माझ्यासाठी पाणी आणलं.

पाणी पिताना ते दिसलं. झाडाच्या टाकीकडच्या बाजूला, जिथे भुजंगरावांचं नोजल पोचलं नव्हतं, एका पानाच्या खाली एक कोष लटकत होता. फिकट हिरवा, अंगावर सोनेरी ठिपके, कानातल्या कुडीतून निसटलेल्या मण्यासारखा. एक शहाणी अळी आधीच अंग आखडून आत गेली होती.

आता मी गाफील राहणार नव्हतो. मोजणीच्या पेटीतून मी लाल कापडाची झेंडी काढली आणि त्या फांदीला बांधली. शेतात लाल झेंडी रोवली की तिथून पुढे कुणी पाय टाकायचा नाही, हे आमच्या खात्यात शिपायालाही कळतं. ते आणखी कुणाला समजावून सांगावं लागेल, असं मला वाटलं नाही.

इथे पुष्पाबाईंची ओळख करून देणं भाग आहे. त्या मागच्या गल्लीत राहतात आणि श्रावणातल्या दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. रुई आमची, माळ त्यांची, पुण्य अर्थातच त्यांचं. अळ्या असताना मी त्यांना पानं तोडू दिली नव्हती. तेव्हा त्या फाटकातच मला म्हणाल्या होत्या, "झाड तुमचं असंल भाऊ, पण रुई मारुतीची हाय. तुम्ही देवाच्या तोंडचं काढून किड्याला घालून राह्यले." त्यानंतर त्या दैवशालाशी बोलायच्या आणि माझ्याकडे बघून पदर सावरायच्या.

शनिवार उजाडला. मी उठलो आणि कोषाजवळ गेलो. हिरवा कोष रात्रीतून काळपट, काचेसारखा झाला होता आणि आत घडी घातलेला नारिंगी पंख दिसत होता. आकांक्षाने पाठवलेल्या व्हिडिओत बघितलं होतं, हे दिसलं की फुलपाखरू त्याच सकाळी बाहेर येतं. मी पेन्सिलीला टोक केलं आणि ड्रॉइंगची वही उघडली. वहीत एकही कोरा कागद नव्हता. सगळ्यांवर नकाशे होते.

दुसरा कुणी असता तर त्याने कॅलेंडरची पाठ वापरली असती. पण आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या चित्राला चांगला कागद पाहिजे असं माझ्या मनाने घेतलं. मी महेमूदभाईंच्या दुकानाकडे धावलो. ते नुकतंच शटर उघडत होते. "जल्दी कागद द्या," मी म्हटलं. "जल्दी कायची?" महेमूदभाई म्हणाले. "चाय सांगितली हाय. बैठा तर." मी बसलो नाही. तरी चहा आलाच, आणि आलेला चहा टाकून उठण्याची रीत आमच्याकडे नाही. कोणता कागद रंग पितो आणि कोणता थुंकतो, हे त्यांनी मला बोट लावून दाखवलं. शेवटी मी गुंडाळी काखेत मारून घरी पोचलो.

झेंडी जमिनीवर होती. टाकीकडची फांदी सोलल्यासारखी झाली होती. बाकीच्या झाडाचं पानही हललं नव्हतं.

"पुष्पाबाई आल्त्या," दैवशाला म्हणाली. "श्रावणी शनिवारी देवाला न्हाई कसं म्हणू? मी म्हणलं घ्या. तर त्या लाल कापडाकडं बघून म्हणाल्या, कुणीतरी नवस बांधलाय, मंग ही पानं दुसऱ्या कशालाच चालत न्हाईत, मारुतीलाच घातली पाहिजेत." माझा चेहरा तिला दिसला असावा. "अहो... त्याच फांदीवर व्हतं का ते?"

मी तसाच, काखेत गुंडाळी आणि खिशात पेन्सिल घेऊन, बाहेर पळालो. स्कूटर अर्थातच चालू झाली नाही. भुजंगराव दुकानाला निघाले होते, त्यांनी मोटारसायकल थांबवली. "काय झालं साहेब? पुन्हा अळी?" मी मागे बसलो आणि एवढंच म्हणालो, "मारुती."

देवळासमोर रांग होती. मी आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलं, ती मोडून पुढे घुसताना ज्यांच्या जमिनी मोजल्या ते सगळे भेटले. गाभाऱ्यात मारुती नाकापर्यंत रुईच्या माळांत बुडाला होता आणि नवी माळ आली की पुजारी रामप्रसाद ती वरून चढवत होते.

"मला यातलं एक पान बघायचं आहे," मी म्हटलं.

रामप्रसाद हातातली माळ तशीच धरून बघत राहिले. "पान?"

"त्याला माझं फुलपाखरू लटकलेलं आहे."

रांगेत कुजबुज झाली. मोजणीसाहेबांचं ब्लडप्रेशर डोक्यात गेलं, असा एक आवाज मी स्पष्ट ऐकला. पुष्पाबाई खांबापाशी जप करत उभ्या होत्या, त्या पुढे आल्या. "देवाच्या गळ्यातली माळ उतरवणार तुम्ही? एवढं काय अडलं हाय?"

"ती लाल झेंडी मी बांधली होती," मी म्हणालो.

पुष्पाबाईंचा चेहरा एकदम उतरला. "तुम्ही? नवस तुमचा हाय?"

मी नवसाबिवसाला मानत नाही. जागृत देवस्थानाच्या नावाखाली सरकलेले बांध मी स्वतः मोजलेले आहेत. त्या सगळ्या लोकांसमोर, ज्यांना हे माहीत होतं, मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो. माझाच आहे."

"मंग आधी सांगायचं न्हाई का भाऊ!" पुष्पाबाईंनी जपमाळ कमरेला खोचली आणि रामप्रसादांना बाजूला केलं. स्वतःची गाठ त्यांनी बोटांनीच ओळखली. वरच्या माळा हलक्या हाताने उचलून धरल्या, आपली माळ सोडवली आणि एकेक पान उलटं करत गेल्या. एका पानाशी त्यांचा हात थांबला.

कोष उकलत होता. आधी पाय आले, मग डोकं, मग एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर घसरलं आणि रिकाम्या टरफलाला धरून लोंबकळू लागलं. फुलपाखरासारखं ते मुळीच दिसत नव्हतं. मग पंख सावकाश भरायला लागले. रामप्रसादांनी घंटेचा लोलक हातात पकडून ठेवला. पुष्पाबाई माळ धरून न हलता उभ्या होत्या, त्यांचा दंड थरथरायला लागला तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.

"साहेब," भुजंगराव माझ्या कानाशी म्हणाले, "ह्ये त्याच अळीचं?"

"त्याच."

कागद ठेवायला मला काही सापडेना, तेव्हा भुजंगरावच माझ्यासमोर गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि मी त्यांच्या पाठीवर कागद पसरला. ज्या पाठीवर पंप होता, तिच्यावर मी चित्र काढलं. पट्टी नव्हती. भुजंगरावांचा श्वास वरखाली होत होता, त्याबरोबर रेषाही होत होती. दिशा कोणती हे मला आठवलंसुद्धा नाही.

पंख वाळल्यावर ते मारुतीच्या खांद्यावरून एकदा फिरलं आणि रांगेच्या डोक्यावरून बाहेर गेलं. "पावला!" असं कुणीतरी ओरडलं आणि मग जी घंटा सुरू झाली ती थांबेना.

श्रेय अर्थातच मारुतीला गेलं. दुपारपर्यंत आमच्या रुईला पाच लाल फडकी बांधली गेली होती, त्यातलं एक भुजंगरावांच्या घरचं होतं. आता सरकारच्या दप्तरी माझं अंगण कापसाखाली आहे आणि कॉलनीच्या मते ते जागृत स्थान आहे. स्कूटर बाहेर काढायची तर चपला काढाव्या लागतात. मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा येणाऱ्या माणसाला काय दाखवायचं हे मी अजून ठरवलेलं नाही.

त्या दुपारी चित्र टेबलावर ठेवून मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. उकाडा मरणाचा होता, डोक्यावर पंखा होता तरी घामाच्या धारा लागल्या होत्या. दैवशाला आत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी काही विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं.

"हे चुरगळलंय," ती म्हणाली.

"आत्ताच बाहेर आलंय," मी म्हटलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग भिंतीपाशी गेली आणि तिने पंखा बंद केला.

"अगं, उकडतंय!"

"उकडू द्या," दैवशाला म्हणाली. "पंखं ओले हैत त्याचे अजून."

मग आम्ही दोघं त्या चित्रासमोर घाम पुसत बसून राहिलो.